मोडलेल्या वाटांचा मुलूख

साताऱ्याहून कासचा सडा ओलांडून बामणोलीला उतरले, की डांबरी रस्ता सरळ पाण्यापाशी जाऊन संपतो. पुढे कोयनेचा शिवसागर जलाशय, पलीकडे दाट रान, आणि रानाच्या मागे वासोट्याचा काळा कडा. वासोट्याला जायचे तर वनखात्याची परवानगी काढून लाँचने जावे लागते. पलीकडे उतरल्यावरही रस्ता असा नाहीच; एक पायवाट आणि मग चढ. एकदा आमच्याबरोबर दोन माध्यमिक शिक्षक होते. त्यांतले भूगोल शिकवणारे सारखे म्हणत होते, "महाराष्ट्रात अजून असा आदिम भाग शिल्लक आहे, मुलांना दाखवायला हवा." लाँच चालवणारे काका बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी एक हात मोकळा करून खाली पाण्याकडे दाखवला आणि म्हणाले, "गुरुजी, ह्या पाण्याखालनं आमची गाडीवाट हाय. आमचा आज्जा बाजाराला ह्याच वाटंनं जायाचा."

गुरुजी गप्प झाले, आणि आम्हीही. कारण 'आदिम' हा शब्द आमच्याही मनात होताच. हा मुलूख बिनरस्त्याचा आहे हे खरे. पण तो पहिल्यापासून तसाच होता का? त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मागे लागला. त्याचे उत्तर शोधायचे तर नद्यांपासून सुरुवात करावी लागते.

मुलांसमोर नकाशा पसरून बसावे. महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावरचा आंबेनळी घाट उत्तरेला आणि कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा आंबा घाट दक्षिणेला. या दोहोंमधल्या शंभरएक किलोमीटरांत सह्याद्री आरपार ओलांडणारा मोटाररस्ता एकच, कराड-चिपळूणचा कुंभार्ली घाट. खेडकडून रघुवीर घाट चढून एक रस्ता कांदाटी खोऱ्यात येतो खरा, पण त्यालाही पुढे जलाशय आडवा येतो. या पट्ट्यात दोन नद्यांची वरची खोरी आहेत. उत्तरेकडे कोयना, सातारा जिल्ह्यातली. दक्षिणेकडे वारणा, ती पाथरपुंजच्या बाजूला, सातारा, सांगली आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींजवळ येतात तिथे उगम पावते, आणि शिराळा तालुक्याच्या कडेने वाहत सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते.

यांतली कोयना मोठी विलक्षण नदी आहे. महाबळेश्वरला निघते आणि कोकणकड्याला समांतर अशी साठ-पासष्ट किलोमीटर नीट दक्षिणेला जाते. काही ठिकाणी कडा तिच्यापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरांवर असतो. हेळवाकला तिच्या मनात काय येते कोण जाणे, एकदम काटकोनात पूर्वेला वळते, पाटणवरून कराडला पोचते आणि उत्तरेकडून आलेल्या कृष्णेला समोरासमोर भिडते. दोन नद्या अशा तोंडाला तोंड देऊन मिळण्याचे दृश्य फार ठिकाणी दिसत नाही. कराडकरांनी त्याला प्रीतिसंगम हे नाव ठेवले आहे. हेळवाकपासून अरबी समुद्र सरळ रेषेत साठएक किलोमीटर. पण कोयनेचे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळायचे. 'मिळायचे' असा भूतकाळ आम्ही मुद्दाम वापरला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

या नद्यांचे पहिले वर्णन पुराणातले. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. कथा अशी, की ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला, तिच्या जागी गायत्रीला बसवले, आणि संतापलेल्या सावित्रीने साऱ्यांना 'नद्या व्हा' असा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना. देव पूर्वेला वाहू लागले. सावित्री आणि गायत्री पश्चिमेला. कथा सोडून द्या, पण कथा रचणाऱ्याला जलविभाजक ठाऊक होता! एका पठारावरून कोणते पाणी कोणत्या समुद्राला जाते, हे त्याने भांडणाच्या गोष्टीत बेमालूम बसवले आहे. जलविभाजक शिकवताना आम्ही तरी या गोष्टीपासूनच सुरुवात करतो.

दुसरे वाचन दगडांचे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडला. त्याने या डोंगरांचे थर पाहिले: एकावर एक आडवे रचलेले, आणि दरीच्या दोन्ही बाजूंना त्याच उंचीवर पुन्हा भेटणारे. म्हणजे दरी नंतर कोरली गेली, थर आधीचे. आज आपल्याला ठाऊक आहे की हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाचे आहेत. 'डेक्कन ट्रॅप' मधला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या जिना या अर्थाच्या शब्दावरून आला. वाई-पाचगणीच्या डोंगराकडे पाहिले की नाव का पडले ते सांगावे लागत नाही.

१९८० च्या दशकात महाबळेश्वरच्या आसपासच्या घाटांतून थरांचे पद्धतशीर नमुने घेऊन त्यांचे रासायनिक पृथक्करण झाले, आणि थरांच्या गटांना नावे मिळाली. तळाशी पोलादपूर, त्यावर आंबेनळी, माथ्यावर महाबळेश्वर. आपल्या एस.टी.च्या पाटीवरची ही नावे आज जगभरच्या भूशास्त्राच्या नियतकालिकांत छापली जातात. याच कामातून आणखी एक गोष्ट कळली. हे थर अगदी आडवे नाहीत; महाबळेश्वरच्या दक्षिणेला ते अगदी थोडे, एका अंशाहूनही कमी, दक्षिणेकडे कललेले आहेत. कोयनेच्या दक्षिणेकडच्या वाटचालीला हा कल आणि खडकातले उत्तर-दक्षिण तडे, दोन्ही कारण असावेत असे आम्हांला वाटते. हेळवाकसारखे काटकोनी वळण दिसले की भूशास्त्रज्ञ पहिले बोट तड्यांकडेच दाखवतात.

कड्याचे म्हणाल तर तो स्थिर नाही. पश्चिमेकडे उतरणारे ओढे आखूड आणि अतिशय तीव्र उताराचे. ते डोंगर पायथ्याकडून खात मागे, म्हणजे पूर्वेकडे सरकतात. पूर्वेकडच्या नद्यांचा उतार मंद; त्यांना ही घाई नाही. अशा वेळी एक दिवस पश्चिमेचा ओढा मधली भिंत खाऊन पलीकडच्या नदीपर्यंत पोचतो आणि तिचे पाणी आपल्याकडे ओढून घेतो. याला नदी-अपहरण म्हणतात. कोयना आणि कोकण यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हे पाहता, लाखो वर्षांच्या हिशेबात कोयनेवर ही पाळी येणार यात फारशी शंका घेण्याचे कारण नाही. तूर्त एवढेच लक्षात ठेवू, की नद्या उत्तर-दक्षिण, डोंगराच्या रांगा उत्तर-दक्षिण, कडाही उत्तर-दक्षिण. माणसाला मात्र जायचे होते पूर्व-पश्चिम.

आणि तो जात होता. कराड हे गाव फार जुने. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वीच्या ब्राह्मी लेखांत, 'करहकट' नगराच्या दात्यांची नोंद आहे. ते हेच कराड असे अभ्यासक मानतात. इतक्या दूर दान पोचवणारे गाव कोयना-कृष्णेच्या संगमावर उगाच वसलेले नसणार. पश्चिमेला कोकणची बंदरे, पूर्वेला देश, आणि दोहोंना जोडणाऱ्या घाटवाटा. पार, हातलोट, तिवरे, कुंभार्ली, मळे: नावे घेऊ तेवढी थोडी. बैलाच्या पाठीवर वर यायचे मीठ, नारळ, सुकी मासळी. खाली जायचे गूळ, मिरची, धान्य. प्रत्येक घाटाच्या माथ्यावर पाणी, जवळपास एखादा किल्ला, आणि खोऱ्यात वस्ती. वस्ती म्हणजे मोठी गावे नव्हेत. नाचणी-वरी पिकवणारी वाडी, सड्यावर एखादा धनगरवाडा, आणि उतारावर कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती. एकोणिसाव्या शतकात वनखाते आले आणि कुमरीवर बंधने पडली. आज ज्याला आपण घनदाट जुने रान समजतो, त्यातला बराच भाग त्या उतारांवर पुन्हा उगवलेला आहे.

अवघडपणा कुणाच्या कामाचा, हे मात्र बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून होते. जावळीचे मोरे या रानाच्या आधाराने पिढ्यान् पिढ्या टिकले. १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधला, आणि पार घाटाच्या नाकावर चौकी बसली. १६५९ मध्ये अफझलखान वाईला आला. वाईचे खोरे रुंद, सपाट, घोडदळाला सोयीचे. महाराज तिथे उतरले नाहीत. त्यांनी खानाला जावळीत येऊ दिले. बखरी सांगतात की त्याच्या फौजेसाठी रानातून वाट साफ करून देण्यात आली. वाट एकच, आणि तीही यजमानाने तोडून दिलेली! १० नोव्हेंबर १६५९ ला काय झाले ते शाळेतले प्रत्येक मूल सांगेल. आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट त्यानंतरची आहे. खानाच्या पराभूत सैनिकांना त्या रानातून बाहेर पडणे दुरापास्त झाले. मावळ्यांना प्रत्येक नाळ आणि खिंड ठाऊक होती. परक्याला सगळ्या दऱ्या सारख्याच दिसत होत्या. वाटा होत्या. त्या माहीत असणारी माणसे एका बाजूला होती, एवढेच.

वासोट्याची गोष्टही तशीच. १८१७-१८ च्या युद्धात पेशव्यांनी साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबीयांना आणि हंटर व मॉरिसन या दोन तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना वासोट्यावर ठेवले होते. कुणी सहज पोचणार नाही अशी जागा म्हणूनच. १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने शेजारच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि किल्ला लगेच हाती आला. उंचावरून मारा झाल्यावर कड्याचा काही उपयोग उरला नाही. त्याच साली साताऱ्याला आलेला जेम्स ग्रँट डफ याने पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात राजांच्या नावांनी होत नाही, मुलखाच्या वर्णनाने होते. कोकण, घाटमाथा, देश असे भाग पाडून तो सांगतो की या राज्याचे रहस्य या जमिनीत आहे. 'घाटमाथा' हा आपला शब्द त्याने तसाच ठेवला. इतिहासाच्या पुस्तकाने भूगोलाचे ऋण पहिल्याच पानात मान्य करावे, हे आम्हांला आवडते. आपल्या क्रमिक पुस्तकांत हे दोन विषय एकाच इमारतीत राहूनही एकमेकांशी बोलत नाहीत.

वाटा मोडायला सुरुवात झाली ती चाके आल्यावर. बैलाच्या पाठीला दहा घाट चालतात. गाडीला बांधलेला, वळणे काढलेला रस्ता लागतो, आणि सरकार तो दहा ठिकाणी बांधत नाही. महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण झाले, म्हणून तिथला घाट सुधारला. कराडच्या व्यापारासाठी कुंभार्ली सुधारला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग झाला, आणि कृष्णाकाठचा माल घाट उतरून बंदराला जाण्याऐवजी स्टेशनवर जाऊ लागला. मधल्या घाटांची वर्दळ आटली. एकही कडा न कोसळता, एकही नदी न वळता, कोयना-वारणेची वरची खोरी 'दुर्गम' झाली. दुर्गम हा शब्द डोंगराचे वर्णन करतो असे वाटते. पुष्कळदा तो बाजाराचे करतो.

मग आले धरण. कोयनेची कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली. टाटांनी तिची पाहणी केली होती, पण मंदीत ती बाजूला पडली. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, काम सुरू झाले. देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९६२ मध्ये वीज मिळू लागली. हे धरण हेळवाकच्या वळणाच्या थोडे अलीकडे का, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर. कोकणाचा पायथा त्याच्या कितीतरी खाली. मधली भिंत पातळ. इंजिनिअरांनी त्या भिंतीतून सुमारे पावणेचार किलोमीटरांचा बोगदा काढला आणि पाणी पश्चिमेला, पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडले. तिथून ते वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला.

म्हणजे निसर्ग ज्याला लाखो वर्षे लावणार होता ते नदी-अपहरण माणसाने काही वर्षांत उरकले. आम्ही मघाशी 'मिळायचे' म्हटले ते याचसाठी.

या खटाटोपातून काय मिळाले, याचे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडता येते. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. ते सुमारे ४७५ मीटर खाली पडले तर १,००० × ९.८ × ४७५, म्हणजे साधारण साडेसेहेचाळीस लाख जूल ऊर्जा. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. थोडी गळती धरली तरी दर घनमीटरला एक युनिटहून जास्त वीज. तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी पूर्वेला सोडले, तर सत्तर-ऐंशी मीटरांच्या उंचीवर जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली. मुलांना गुणाकार करू द्यावा. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि घरांना कोयनेने काय दिले ते आकड्यांतून कळेल. मग दुसरा प्रश्न विचारावा: पूर्वेकडच्या माण, आटपाडी, जत या तालुक्यांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यांच्या वाट्याचे काय? महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पंचवीसएक किलोमीटरांवरच्या वाईला त्याचा सातवा-आठवा हिस्सा. पाणी डोंगरात, जमीन पूर्वेला, आणि वीज करायची तर पाणी पश्चिमेला सोडायचे. हा पेच साध्या हो-नाहीने सुटणारा नाही, आणि वर्गात तो सुटला नाही तरी चालेल.

आता लाँचवाल्या काकांच्या वाटेकडे येऊ. जलाशय पन्नासएक किलोमीटर लांब पसरला. खोऱ्यातली तळची जमीन, भाताची खाचरे, गावे आणि नदीकाठाने जाणारी वाट, सगळे त्याच्या पोटात गेले. शंभराच्या आसपास गावे उठली. कुणी रायगडात गेले, कुणी ठाण्याकडे, कुणी सोलापूर-सांगलीच्या कोरड्या माळावर. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी निघाली होती. पुढची कित्येक वर्षे कागद, मोर्चे आणि ठिय्ये यांत गेली. जे वरच्या उतारांवर राहिले त्यांची शेते नि वाट पाण्यात गेली, आणि बाजार, दवाखाना, शाळा हे सगळे लाँचच्या वेळापत्रकाला बांधले गेले. बामणोली आणि तापोळा ही त्यांची बंदरे झाली. समुद्रापासून साठ-सत्तर किलोमीटरांवर, घाटमाथ्यावर, बंदर!

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. तीव्रता ६.३. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, वसाहत जमीनदोस्त झाली. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपमुक्त, स्थिर भूखंड, असे तोवर पुस्तकांत लिहिलेले असे. जमिनीवर उमटलेल्या भेगांचा पट्टा साधारण उत्तर-दक्षिण होता, नदीच्याच दिशेचा. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या हर्ष गुप्ता आदी शास्त्रज्ञांच्या कामातून जलाशयातली पाण्याची चढउतार आणि भूकंपांची वारंवारता यांचा संबंध पुढे आला. पाणी तडे निर्माण करत नाही. आधीच ताणलेल्या तड्यांत ते शिरते, तिथला दाब बदलते आणि निमित्त ठरते. वारणेवर चांदोलीचे धरण झाले, १९८५ पासून पाणी साठू लागले, आणि १९९३ पासून भूकंपांचे केंद्र वारणेच्या बाजूलाही सरकले.

म्हणून हा बिनरस्त्याचा मुलूख जगातल्या भूकंपशास्त्रज्ञांची प्रयोगशाळा झाला. कोयनेजवळ रासाटीला पाडलेल्या छिद्रात सुमारे ९३२ मीटरांवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी जुना खडक लागला. मधे गाळाचा एकही थर नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा इथे उघडी, खडकाळ जमीन होती. २०१७ मध्ये गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले. कराडला यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. जवळच्या शाळांनी तिथला खडकाचा गाभा एकदा मुलांना दाखवावा. साइक्सने डोंगराच्या बाहेरून मोजलेला जिना इथे आतून मोजला गेला आहे.

१९८५ मध्ये कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली. कोयनेचे क्षेत्र सुमारे ४२३ चौरस किलोमीटर, चांदोलीचे ३१७. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर त्यांची नावे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. २०१८ मध्ये कॅमेऱ्यात वाघ सापडला. आम्ही जंगलाच्या बाजूचे आहोत. हे रान वाचले याचा आनंदच आहे. पण ते कसे झाले हे विसरता येत नाही. वारणेच्या वरच्या खोऱ्यातली झोळंबी, निवळे अशी गावे उठली तेव्हा रान मोकळे झाले. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवलीही रिकामे झाले. तिथे आज जोती दिसतात, आंब्या-फणसाची लावलेली झाडे दिसतात, एखादे देऊळ आणि त्याच्याभोवतीची देवराई दिसते. शिक्षकांनी सहल नेली तर मुलांना आधी ही झाडे शोधायला सांगावे. रानात रांगेने फणस उगवत नसतात.

आता उलटी लाट आहे. तापोळ्याजवळ जलाशयावर मोठ्या पुलाचे काम हाती घेतले गेले आहे, आणि परिसरातल्या २३५ गावांचा 'नवीन महाबळेश्वर' हा गिरिस्थान प्रकल्प सरकारने पुढे आणला आहे. लाँचसाठी तासन् तास थांबलेल्या बाळंतिणीच्या घरच्यांना पूल नको असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. हॉटेलांसाठी सडे फोडण्याचे काम मात्र वेगळे. सड्यावरचा जांभा पावसाचे पाणी मुरवतो आणि झऱ्यांतून सावकाश सोडतो. तो उकरला की पाणी एकदम खाली येते.

खाली म्हणजे कुठे, हे सांगलीकरांना विचारावे. सांगलीच्या आयर्विन पुलावर १९२९ पासून कृष्णा मोजली जाते. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी तिच्या बरेच वर गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. त्या वर्षी पाथरपुंजच्या पर्जन्यमापकातल्या आकड्यांची तुलना वर्तमानपत्रे चेरापुंजीशी करत होती. पाथरपुंज आणि आयर्विन पूल यांत सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर अंतर आहे. सांगलीच्या बाजारपेठेत दुकानात पाणी शिरलेल्या माणसाने पाथरपुंज पाहिलेले नसते, पुष्कळदा नावही ऐकलेले नसते. त्याच्या दुकानातले पाणी मात्र कोयना, वारणा आणि कृष्णा अशा तिन्ही खोऱ्यांतून तिथवर आलेले असते.

त्या लाँचच्या सफरीनंतर आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी एक चांगले काम केले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ जी क्रमांकाच्या पत्रकांपैकी धरणापूर्वीचे एक जुने पत्रक त्यांनी मिळवले, आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून नववीच्या मुलांकडून गावे आणि वाटा गिरवून घेतल्या. मग तोच कागद नव्या नकाशावर ठेवला. काकांची वाट सापडली. तुटक रेघेने ती नदीकाठाने येते, एका ठिकाणी निळ्या रंगात शिरते, आणि कितीतरी बोटे पुढे, मेट इंदवलीच्या बाजूला, पुन्हा बाहेर येऊन वासोट्याच्या दिशेने चढू लागते. मधल्या निळ्या भागात मुलांनी एकवीस गावांची नावे पेन्सिलीने लिहिली आहेत. त्यांतल्या दोन नावांचे रहिवासी त्यांच्याच वर्गात निघाले.